हेडलाइट लागतो, मग गाडी का सुरू होत नाही?

डिसेंबर-जानेवारीत जबलपूरचा पारा पहाटे दहा अंशांच्या खाली उतरतो. त्या दिवसांत शहरातल्या गढा भागाच्या गल्ल्यांत सकाळी हमखास एक आवाज कानावर पडतो. कुणीतरी गाडीची किल्ली फिरवतं आणि बॉनेटखालून नुसतं टक-टक-टक-टक ऐकू येतं. इंजिन हलत नाही. गंमत म्हणजे हेडलाइट लख्ख असतो, हॉर्न वाजतो, रेडिओही चालतो. एखाद्याने मल्टीमीटर आणून बॅटरीला लावला, तर आकडा दिसतो 12.4 व्होल्ट, म्हणजे बॅटरी तीन चतुर्थांशाच्या आसपास भरलेली. मेकॅनिक म्हणतो, ‘‘बॅटरी बसली.’’ मालक म्हणतो, ‘‘अहो, दिवा तर लागतोय!’’

दोघांचंही बरोबर आहे. ते दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलत आहेत, एवढंच. बॅटरीत किती वीज आहे, हा एक प्रश्न. ती वीज बॅटरी किती वेगाने देऊ शकते, हा दुसरा. आपण बॅटरी विकत घेताना, तपासताना आणि तिला दोष देताना पहिल्याच प्रश्नाचा विचार करतो. काही क्षणांपुरता प्रचंड प्रवाह ओढणारी जी यंत्रं असतात, त्यांचं सगळं दुसऱ्या प्रश्नावर अवलंबून असतं. गाडीचा स्टार्टर हे त्यातलं सर्वांच्या ओळखीचं यंत्र. पण हाच प्रश्न शहराच्या वीजपुरवठ्यात आहे आणि इस्पितळात बंद पडू पाहणाऱ्या हृदयापाशीही आहे.

वीज कमी पडलेली नसते

आधी हिशेब करून पाहू. लहान पेट्रोल गाडीची बॅटरी साधारण 12 व्होल्ट, 35 अँपिअर-अवर असते. म्हणजे तिच्यात सुमारे 420 वॅट-अवर ऊर्जा आहे. जूलमध्ये सांगायचं तर पंधरा लाख. इंजिन सुरू करायला किती लागते? स्टार्टर मोटर दोनेक सेकंद फिरते, तेव्हा सरासरी दीडशे अँपिअर ओढते आणि विजेचा दाब दहा व्होल्टच्या आसपास असतो. दीडशे गुणिले दहा गुणिले दोन, म्हणजे तीन हजार जूल. साठ्याचा पाचशेवा भाग!

म्हणजे बॅटरी तीन चतुर्थांश रिकामी असली, तरी तिच्यात इंजिन शंभरदा सुरू करण्याएवढी ऊर्जा कागदावर शिल्लक असते. तरीही इंजिन एकदासुद्धा फिरत नाही. अडचण साठ्यात नसून दुसरीकडे कुठेतरी आहे, हे एवढ्यावरूनच कळतं.

तलाव आणि मोरी

गढ्यात राहणाऱ्याला ही अडचण समजावून सांगायला तलावासारखं दुसरं उदाहरण नाही. जबलपूरला बावन्न ताल आणि चौऱ्याऐंशी तलैया, असं इथे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. त्यातले देवताल, सुपाताल गढ्याच्या अंगणातलेच. सोळाव्या शतकातल्या संग्रामशाह या गोंड राजाच्या नावाचा संग्रामसागरही बाजनामठाजवळ आहे. अशा एखाद्या तुडुंब तलावाला खाली एक मोरी आहे असं समजा. दिवसभर एक बादली भरायची असेल, तर मोरी केवढी आहे याने काही फरक पडत नाही. पण गावाला आग लागली आणि क्षणात लोंढा हवा असेल, तर तलाव किती भरला आहे हे विचारून उपयोग नाही. मोरीतून जेवढं मावेल तेवढंच पाणी येणार. मोरीत गाळ बसला असेल तर भरलेला तलाव असून नसल्यासारखा.

बॅटरीच्या आतल्या या मोरीच्या अरुंदपणाला ‘अंतर्गत रोध’ म्हणतात. बॅटरीतून निघणाऱ्या प्रवाहाला बॅटरीच्याच पोटात होणारा अडथळा, असा त्याचा साधा अर्थ. तो ओहममध्ये मोजतात, पण गाडीच्या बॅटरीत तो इतका लहान असतो की ओहमचा हजारावा भाग, म्हणजे मिलिओहम, हे एकक वापरावं लागतं. चांगल्या लहान बॅटरीचा अंतर्गत रोध सातआठ मिलिओहम असतो. म्हातारी बॅटरी तीसवर जाते. वाढ झाली फक्त बावीस-तेवीस मिलिओहमची, म्हणजे ओहमच्या चाळीसाव्या भागाहूनही कमी. पण प्रवाह शेकड्यांनी मोजायचा असला की एवढ्याशा रोधाने सगळा खेळ बिघडतो.

नियम एकच आहे: बॅटरीच्या आत जेवढा दाब खर्च होतो तो प्रवाह गुणिले अंतर्गत रोध इतका असतो. प्रवाह लहान तर तोटा लहान. प्रवाह मोठा तर तोटा मोठा. दोन्ही हेडलाइट मिळून सुमारे दहा अँपिअर घेतात. म्हाताऱ्या बॅटरीतही त्यांच्यापायी फक्त 0.3 व्होल्ट कमी होतात. डोळ्यांना तो फरक कळतसुद्धा नाही. मल्टीमीटर तर बॅटरीकडे काही मागतच नाही म्हटलं तरी चालेल. त्याचा स्वतःचा रोध एक कोटी ओहम असतो, म्हणून तो अँपिअरच्या जेमतेम दहा लाखाव्या भागाएवढा प्रवाह घेतो. त्याला 12.4 दिसणारच. त्याने तलावाची पातळी मोजली, मोरी मोजली नाही.

चौकट: एका किल्लीचा हिशेब

स्टार्टर मोटर अजून फिरू लागलेली नाही, त्या पहिल्या क्षणी तिचा आणि तिच्या केबलचा मिळून रोध 30 मिलिओहम आहे असं धरू.

नवी बॅटरी: 12.6 व्होल्ट, अंतर्गत रोध 8 मिलिओहम. प्रवाह सुमारे 330 अँपिअर. बॅटरीच्या टोकांवर उरलेला दाब 9.9 व्होल्ट. इंजिन फिरतं.

म्हातारी बॅटरी: 12.4 व्होल्ट, अंतर्गत रोध 30 मिलिओहम. प्रवाह सुमारे 207 अँपिअर. टोकांवर उरलेला दाब 6.2 व्होल्ट. इंजिन फिरत नाही. बाकीचे 6.2 व्होल्ट बॅटरीच्या आतच खर्च झाले आणि जवळजवळ तेराशे वॅट उष्णता तिच्याच पोटात तयार झाली.

दोन्ही बॅटऱ्यांत फक्त हेडलाइट लावला, तर दाब अनुक्रमे 12.5 आणि 12.1 व्होल्ट. दिवा दोन्हीकडे लागतो.

टक-टक कुठून येतं?

किल्ली फिरवल्यावर वीज थेट मोटरकडे जात नाही. शेकडो अँपिअर किल्लीतून नेले तर किल्लीच जळेल. म्हणून मध्ये एक सोलेनॉइड असतो. तारेचं वेटोळं आणि त्यात सरकणारा लोखंडी दांडा. किल्लीने वेटोळ्यात थोडा प्रवाह सोडला की त्याचा लोहचुंबक होतो आणि तो दांडा ओढून घेतो. दांड्याचं एक टोक जाड तांब्याचे संपर्क जुळवतं, दुसरं टोक मोटरचं छोटं दातेरी चाक इंजिनच्या मोठ्या चाकात अडकवतं. मग कुठे मोटरला खरा प्रवाह मिळतो.

आता म्हातारी बॅटरी लावून हेच पाहा. सोलेनॉइडला थोडाच प्रवाह लागतो, तो मिळतो. दांडा ओढला जातो: टक. संपर्क जुळतात, मोटर दोनशे अँपिअर मागते आणि दाब सहा व्होल्टवर कोसळतो. एवढ्या दाबावर सोलेनॉइडचा चुंबक दांडा धरून ठेवू शकत नाही. दांडा सुटतो, संपर्क तुटतात, मोटरची मागणी थांबते. मागणी थांबताच दाब पुन्हा बारावर येतो. चुंबक परत जिवंत होतो आणि दांडा परत ओढतो: टक. सेकंदात अनेकदा हेच चक्र फिरतं. म्हणजे तो आवाज हा बॅटरीचा अंतर्गत रोध आपल्या कानांनी मोजण्याचा प्रकार आहे. सलग टक-टक येत असेल तर बॅटरी किंवा तिची जोडणी आधी बघावी. एकच दणकट ‘टक’ येऊन सगळं शांत झालं, तर दोष बहुधा मोटरमध्ये किंवा सोलेनॉइडच्या संपर्कांत असतो. मला हे निदान फार सुंदर वाटतं. एकही यंत्र न लावता कळतं.

स्टार्टरची मागणी पहिल्या क्षणीच का उसळते, तेही इथेच सांगून टाकतो. फिरणारी मोटर स्वतःही थोडी जनित्रासारखी वागते. ती उलटा दाब तयार करते आणि आपलाच प्रवाह कमी करते. उभी मोटर असं काही करत नाही. तिला अडवायला फक्त तांब्याचा किरकोळ रोध असतो. म्हणून पहिल्या काही शतांश सेकंदांत तीनशे अँपिअर आणि फिरायला लागल्यावर शंभर-दीडशे. असा क्षणभर उसळून ओसरणारा भार म्हणजे विजेच्या भाषेत ‘स्पंद’.

प्लेटांच्या आत काय चालतं

गाडीच्या बॅटरीत सहा घरं असतात, प्रत्येकी दोन व्होल्टची. प्रत्येक घरात शिशाच्या जाळीवर थापलेल्या दोन प्रकारच्या प्लेटा एकाआड एक उभ्या असतात. एकीवर तपकिरी रंगाचा शिशाचा डायऑक्साइड, दुसरीवर स्पंजासारखं सच्छिद्र शिसं. मध्ये पातळ केलेलं सल्फ्युरिक ॲसिड. वीज काढताना दोन्ही प्लेटांवर शिशाचं सल्फेट तयार होतं आणि ॲसिड पाण्यासारखं होत जातं. चार्ज करताना हे सगळं उलट होतं.

रासायनिक क्रिया प्लेटेच्या पृष्ठभागावर होते. प्लेटा सच्छिद्र असल्याने तो पृष्ठभाग तिच्या असंख्य बारीक छिद्रांच्या आतवर पसरलेला असतो. आता एकदम मोठा प्रवाह ओढला तर छिद्रांत जे ॲसिड आहे ते काही सेकंदांत संपतं. बाहेर ॲसिड भरपूर असतं, पण ते छिद्रांत झिरपायला वेळ लागतो. म्हणून बॅटरीचा दाब दोन टप्प्यांत पडतो. एक घसरण तत्क्षणी, धातूच्या आणि ॲसिडच्या रोधामुळे. दुसरी सावकाश, छिद्रांतलं ॲसिड संपत जातं तशी. ‘‘पाच-सात सेकंदांहून जास्त सेल्फ मारू नका, थोडं थांबून परत मारा,’’ असं जुने ड्रायव्हर सांगतात, त्यामागे हे कारण आहे. त्या थांबण्यात ॲसिड आत झिरपतं आणि बॅटरीला खरोखरच पुन्हा जोर येतो. मदनमहालाकडच्या चढावर तीन सवाऱ्या घेतलेली ई-रिक्षा दम तोडते आणि मिनिटभर थांबल्यावर निमूट चढते, तिथेही हेच. तिच्या चार बॅटऱ्यांचा 48 व्होल्टचा दाब चढावर ओढलेल्या प्रवाहाने इतका खाली येतो की कंट्रोलर मोटर बंद करतो.

मग स्पंदासाठी बॅटरी कशी बनवावी? पृष्ठभाग वाढवून. गाडीच्या बॅटरीत पातळ प्लेटा आणि त्या पुष्कळ, असं करतात. मोरी रुंद होते. पण पातळ प्लेटा नाजूक असतात. वारंवार पूर्ण रिकाम्या केल्या तर त्यांच्यावरचा लेप गळून तळाशी बसतो. घरच्या इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी बरोबर उलटी. तिच्यात जाड, नळीत बंदिस्त केलेला माल असतो. ती तासन्‌तास थोडा थोडा प्रवाह देते, खोलवर रिकामी झाली तरी टिकते, पण एकदम लोंढा देणं हे तिचं काम नव्हे. काही जण गाडीची जुनी बॅटरी इन्व्हर्टरला लावतात आणि चार-सहा महिन्यांत ती मेली म्हणून कंपनीला शिव्या देतात. बॅटरी चांगलीच होती, काम दुसऱ्याचं दिलं होतं.

जोरात काढली तर बॅटरी एकूणच कमी देते, हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे. इन्व्हर्टरच्या बॅटरीवर 150 अँपिअर-अवर लिहिलेलं असतं, ते वीस तासांच्या हिशेबाने, म्हणजे साडेसात अँपिअर वीस तास. तीच बॅटरी तासाभरात रिकामी करायला निघालात तर तिच्यातून निम्म्याच्या आसपासच वीज हाती लागते. विल्हेल्म पॉयकर्ट या जर्मन शास्त्रज्ञाने 1897 मध्ये शिशाच्या बॅटऱ्यांसाठी हा संबंध सूत्रात मांडला. राहिलेली वीज नाहीशी झालेली नसते. बॅटरीला विश्रांती दिली की त्यातली बरीचशी परत मिळते.

म्हणूनच गाडीची बॅटरी घेताना अँपिअर-अवरबरोबर आणखी एक आकडा बघावा. त्याला ‘कोल्ड क्रँकिंग अँपिअर’ म्हणतात, लेबलावर सीसीए लिहिलेलं असतं. उणे 18 अंश तापमानात, तीस सेकंद, दाब 7.2 व्होल्टच्या खाली न जाऊ देता बॅटरी किती अँपिअर देऊ शकते, ते हा आकडा सांगतो. उणे 18 अंश आपल्याकडे कशाला, असं वाटेल. पण मोरीची रुंदी सांगणारा लेबलावरचा हाच एक आकडा आहे, आणि दुकानदार तो क्वचितच दाखवतो.

मारतो उन्हाळा, नाव थंडीचं

थंडीत दोन गोष्टी एकाच वेळी अंगावर येतात. इंजिनातलं ऑइल घट्ट होतं, त्यामुळे ते फिरवायला जास्त जोर लागतो. इकडे ॲसिडचा रोध वाढतो, क्रिया मंदावते आणि बॅटरीचा जोर कमी होतो. मागणी वाढते तेव्हाच पुरवठा घटतो. त्यामुळे बॅटरी गेली की सगळे थंडीला बोल लावतात.

खरी हानी मात्र आधीच झालेली असते. जबलपूरचा मे महिना 42 अंशांच्या पुढे जातो आणि बॉनेटखाली त्याहून किती तरी जास्त. उष्णतेने पॉझिटिव्ह प्लेटेची जाळी गंजते, पाणी उडून जातं. तापमान दहा अंशांनी वाढलं की बॅटरीचं आयुष्य ढोबळमानाने निम्मं होतं, असा तंत्रज्ञांचा ठोकताळा आहे. त्यात गाडी महिनाभर उभी राहिली, तर अर्धवट उतरलेल्या बॅटरीतलं सल्फेट कडक खड्यांत बदलतं आणि छिद्रं बुजवतं. ही सगळी मोरीत बसलेल्या गाळाची रूपं. गाळ उन्हाळ्यात बसतो, थंडीत त्याचा पत्ता लागतो.

एक रोध मात्र आपल्या हातातला आहे. टर्मिनलवर साचलेली पांढरी-हिरवट भुकटी. ती आणि सैल नट मिळून वीस मिलिओहम सहज घालतात, आणि तेवढ्याने चांगली बॅटरीही म्हातारीसारखी वागते. शंभर अँपिअरला दोन व्होल्ट तिथेच गळतात आणि त्या एका सांध्यावर दोनशे वॅट उष्णता तयार होते. गाडी सुरू करण्याच्या प्रयत्नानंतर टर्मिनल हाताला गरम लागलं, तर दोष तिथेच समजावा. आधी निगेटिव्ह केबल काढायची, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने भुकटी धुवायची, ब्रशने धातू उजळायचा, नट घट्ट करायचा, वरून व्हॅसलीन. नवी बॅटरी घेण्याआधी हे एकदा करून पाहावंच, असा माझा आग्रह आहे.

बॅटरी तपासायचीच असेल तर ती कामाला लावून तपासावी. कुणाला तरी किल्ली फिरवायला सांगायचं आणि त्याच वेळी मल्टीमीटर बघायचा. साध्या हवामानात इंजिन फिरत असताना आकडा 9.6 व्होल्टच्या खाली गेला, तर बॅटरी थकलेली आहे किंवा चार्ज नाही. पूर्ण चार्ज करूनही तसंच झालं, तर बदलायची वेळ आली.

तारांची जाडी आणि 24 व्होल्ट

शेजाऱ्याच्या गाडीवरून वीज घ्यायची तर तार कोणती घ्यावी? घरात प्लगसाठी वापरतात ती अडीच चौरस मिलिमीटरची तार हाताशी असते आणि ती लावायचा मोह होतो. दोन तारा, प्रत्येकी अडीच मीटर, म्हणजे पाच मीटर तांबं. त्याचा रोध सुमारे 34 मिलिओहम. दीडशे अँपिअरला पाच व्होल्ट तारेतच जातील आणि तारेचं आवरण वितळू लागेल. सोळा चौरस मिलिमीटरची केबल घेतली तर तोच रोध साडेपाच मिलिओहमवर येतो. जम्पर केबल अंगठ्याएवढी जाड का असते, त्याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे.

तार जाड करायला मर्यादा आहे. दुसरा मार्ग म्हणजे दाब वाढवणं. जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीत 1959 पासून सैन्यासाठी शक्तिमान ट्रक बनू लागले आणि 1969 मध्ये उभ्या राहिलेल्या व्हेईकल फॅक्टरीने ते काम पुढे नेलं. अशा अवजड डिझेल वाहनांत दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून 24 व्होल्ट करतात. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबून इतकी तापवावी लागते की डिझेल आपोआप पेटेल. त्यासाठी मोठं इंजिन पुरेशा वेगाने फिरवावं लागतं आणि त्याला काही किलोवॅट शक्ती लागते. दाब दुप्पट केला की तेवढ्याच शक्तीला प्रवाह निम्मा पुरतो. प्रवाह निम्मा झाला की त्याच केबलमध्ये वाया जाणारी शक्ती चौथ्या हिश्श्यावर येते.

आधी साठवायचं, मग सोडायचं

मागणी इतकी मोठी आणि इतकी क्षणिक असेल की कोणतीच बॅटरी पुरी पडणार नाही, तर? मग बॅटरीला ते काम सांगूच नये. तिच्याकडून सावकाश घ्यावं, मध्ये कुठेतरी साठवावं आणि तिथून एकदम सोडावं.

वीज मंडळाच्या लोकांनी हे स्प्रिंगने केलं. जबलपूरचं शक्ती भवन हे मध्य प्रदेशाच्या वीज कंपन्यांचं मुख्यालय. तिथून ज्या उपकेंद्रांचा कारभार चालतो तशा प्रत्येक मोठ्या उपकेंद्रात एक बॅटरीची खोली असते. दोन व्होल्टची 55 घरं जोडून 110 व्होल्ट किंवा 110 घरं जोडून 220. लाइनवर शॉर्टसर्किट झालं तर सर्किट ब्रेकरने ती तत्काळ तोडायची असते, पण त्याच क्षणी लाइनचा दाब कोसळलेला असतो. म्हणून तोडण्याचा हुकूम बॅटरीवरून जातो. जुन्या ब्रेकरांत तो बंद करायला, म्हणजे लाइन पुन्हा जोडायला, मोठं सोलेनॉइड असे आणि ते कधी शंभर अँपिअरच्या घरात प्रवाह ओढे. पुढच्या ब्रेकरांत छोटी मोटर दहा-पंधरा सेकंदांत एक भक्कम स्प्रिंग ताणून ठेवते. मग काही अँपिअरच्या एका वेटोळ्याने खटका सोडायचा. क्षणाची सगळी ताकद स्प्रिंगची.

याच युक्तीचं सर्वांत थरारक रूप आहे डिफिब्रिलेटर. गढ्यालगतच्या नेताजी सुभाषचंद्र बोस मेडिकल कॉलेजला, 1955 मध्ये सुरू झालेल्या या संस्थेला, सगळं शहर नुसतं ‘मेडिकल’ म्हणतं. अशा कोणत्याही मोठ्या इस्पितळात हे यंत्र हाताशी ठेवलेलं असतं. हृदयाची लय बिघडून ते आकुंचन न पावता नुसतं थरथरू लागलं, तर छातीवर दोन ठिकाणी पॅड लावून विजेचा एक धक्का देतात. सगळ्या पेशी एकदम थांबतात आणि हृदयाला आपली लय परत पकडायची संधी मिळते.

आकडे बघा. धक्क्याची ऊर्जा सुमारे 200 जूल. छातीचा रोध साधारण 50 ओहम. दोन हजार व्होल्ट लावले तर सुरुवातीला चाळीस अँपिअर वाहतात, म्हणजे त्या क्षणी ऐंशी हजार वॅट. बारा व्होल्टच्या बॅटरीकडून हे थेट घ्यायचं तर तिला साडेसहा हजारांहून जास्त अँपिअर द्यावे लागतील. अशक्य. म्हणून मध्ये कपॅसिटर असतो. धातूचे दोन थर, मध्ये वीज न वाहू देणारा पातळ पापुद्रा. यात रासायनिक क्रिया नाही, छिद्रांत झिरपणं नाही. विद्युतभार पृष्ठभागावर बसतो आणि तिथूनच निघून जातो. साठा छोटा, पण मोरी प्रचंड रुंद. शंभर मायक्रोफॅरडचा कपॅसिटर दोन हजार व्होल्टला भरला की त्यात बरोबर 200 जूल मावतात. ते भरायला यंत्र सात सेकंद घेत असेल, तर बॅटरीवर पडणारा भार तीस वॅट, गळती धरून चाळीस. एवढं कोणतीही निकोप बॅटरी सहज देते. मग बटण दाबलं की तेच 200 जूल काही मिलिसेकंदांत बाहेर पडतात.

या यंत्राचा इतिहासही बॅटरीशीच बांधलेला आहे. 1947 मध्ये क्लीव्हलंडचे शल्यविशारद क्लॉड बेक यांनी चौदा वर्षांच्या मुलाचं हृदय शस्त्रक्रियेच्या टेबलावर भिंतीतल्या विजेच्या धक्क्याने परत सुरू केलं. पण रुग्ण कोसळतो तिथे भिंतीतली वीज असतेच असं नाही. बेलफास्टचे डॉ. फ्रँक पँट्रिज यांनी 1965 मध्ये गाडीच्या बॅटऱ्यांवर चालणारा डिफिब्रिलेटर रुग्णवाहिकेत बसवला. वजन सत्तर किलो! 1968 पर्यंत त्यांचं यंत्र तीन किलोंवर आलं, आणि त्यात ‘नासा’साठी बनवलेला छोटा कपॅसिटर होता. इस्पितळाने रुग्णाकडे जायचं, ही कल्पना त्यामुळे शक्य झाली. रेल्वे स्टेशनांवर, विमानतळांवर भिंतीला लावलेली आजची यंत्रं त्याच वंशातली.

छातीत बसवलेल्या दोन बॅटऱ्या

हा विषय नीट उलगडतो तो शरीरात बसवायच्या यंत्रांत. पेसमेकर हृदयाला मंद ठोक्यांत मदत करतो. त्याला लागणारी शक्ती मायक्रोवॅटांत मोजतात. त्यासाठी वर्षानुवर्षं लिथियम-आयोडीन बॅटरी वापरली गेली. तिचा अंतर्गत रोध शेकडो ओहम असतो आणि वयाबरोबर आणखी वाढतो. गाडीच्या बॅटरीच्या तुलनेत मोरी जवळजवळ बंदच. पण पेसमेकरचं त्यावाचून काही अडत नाही. बॅटरी शांतपणे सात-आठ, कधी दहा वर्षं टिकते.

1980 मध्ये अमेरिकेच्या जॉन्स हॉपकिन्स इस्पितळात मिशेल मिरोव्स्की यांच्या गटाने शरीरात बसवायचा डिफिब्रिलेटर पहिल्यांदा एका रुग्णाला लावला. हे यंत्र हृदयाजवळूनच धक्का देतं, म्हणून तीस-पस्तीस जूल पुरतात. तरी कपॅसिटर दहाएक सेकंदांत भरायचा तर बॅटरीने तीन-साडेतीन वॅट द्यायला हवेत. पेसमेकरची बॅटरी ते कधीच देऊ शकणार नाही, तिच्यात ऊर्जा कितीही उरलेली असो. म्हणून या यंत्रांसाठी लिथियम आणि सिल्व्हर व्हॅनेडियम ऑक्साइड यांची वेगळी बॅटरी विकसित करावी लागली, जी महिनोन्‌महिने जवळजवळ स्वस्थ बसून राहते आणि हाक येताच अँपिअरमध्ये प्रवाह देते.

अशी बॅटरी किती थकली आहे हे ठरवताना डॉक्टर तिच्या दाबाबरोबर आणखी एक गोष्ट बघतात: कपॅसिटर भरायला किती सेकंद लागले. सुरुवातीला आठ-नऊ सेकंद लागत असतील आणि पुढे ती वेळ वाढत गेली, तर बॅटरीत ऊर्जा शिल्लक असतानाच यंत्र बदलायचा निर्णय होतो. कारण हृदय थरथरत असताना वाढलेला प्रत्येक सेकंद रुग्णाच्या मेंदूला रक्ताविना काढावा लागतो.